दोरीवरचं कापड

गावाचं नाव गोलकर.
कागदावर पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं,
कुणाचं तरी आडनाव असणार, मिरज-कुपवाडकडचं.
इथली माणसं म्हणतात ‘गौका’,
घसा साफ केल्यासारखं, आणि पुढं जातात.
मी इचलकरंजीचा. एकोणसत्तर साली आलो
हडर्सफील्डच्या लोकर गिरणीत,
आणि बत्तीस वर्षं परक्यांच्या सुटाचं कापड
दिव्यापुढं धरून खोट शोधत राहिलो.

आता खोट माझ्यात आहे.

प्रोस्टेट काढली. गाठ गेली,
जाताना दाराची कडीही घेऊन गेली.
शिंकलो, गेलं. खुर्चीतून उठलो, गेलं.
डेरेकच्या अंत्यविधीला सगळे उभे राहिले,
मी बसून राहिलो.
लोकांना वाटलं, केवढं हे दुःख.

जिल नावाची नर्स येऊन
दिवसाला चार पॅड मंजूर करून गेली.
चार. लघवीलाही रेशनकार्ड.
प्लास्टिकनं मांड्या सोलून निघाल्या,
आणि रात्री जिन्यावरून उतरताना चुरचुर आवाज,
जसा काही मी फरसाणाचा पुडा.

शालन म्हणाली,
कापडातलं कळतं ना तुम्हाला?
मग कापडालाच विचारा की.

विचारलं.
टेरीकॉट नापास, थेंब अंगावरून घरंगळतो.
पॉपलीन भिजतं, पण धरून ठेवत नाही.
शेवटी जमलं ते फ्लॅनेल, तीन पदरी,
मध्ये जुना टॉवेल, आणि इलॅस्टिकऐवजी नाडी.
धुताना सॉफ्टनर अजिबात नाही:
सुवासिक झालेला कापूस
पाणी प्यायचं विसरतो.

आणि वरून लोकर.
हे कुणी सांगितलं नाही, हातांना आठवलं.
पहिलं वर्ष मी लोकर धुण्याच्या शेडमध्ये काढलं होतं;
न धुतलेली लोकर, मेंढीच्या चरबीनं चिकट,
डोंगरावरचा पाऊस झेलून आतून कोरडी.
संध्याकाळी तळहात लोण्यासारखे.
नव्यानं आलेली शालन ते धरायची नि म्हणायची,
माझ्यापेक्षा मऊ, शोभतं का?
तीच चरबी आता डबीतून मिळते,
औषधाच्या दुकानात, बाळंतिणींच्या फळीवर.
निवृत्तीला गिरणीनं दिलेलं करडं कापड होतं,
सुटासाठी जपलेलं. सूट कुठं घालणार?
त्याची चड्डी शिवली. डबी चोळून चोळून मुरवली.
आतला कापूस पितो, बाहेरची लोकर राखते.

अडतं ते शब्दाशी.
बाळाचं ते बाळोतं. मग माझं?
शालन म्हणते, आजोतं.
म्हणताना ती हसत नाही,
म्हणून मला हसता येतं.
पण दुसरं बालपण म्हणू नका कुणी.
बाळ आपलं आपण पिळत नाही.
मी पिळतो. बादलीत, गार पाण्यात,
शालन उठायच्या आधी.

मंगळवारी वारा चांगला होता.
चौदा फडकी दोरीवर, शिडांसारखी फुगलेली.
भिंतीपलीकडून मॉरीननं विचारलं,
बाळ आलंय वाटतं कुणाचं?
नाही, म्हणालो. माझीच आहेत.

खाली कालव्यावर बदकं भांडत होती.
मॉरीनच्या हातातला चिमटा तसाच उघडा.
मग तिनं भिंतीवरून हात घातला,
कडेच्या फडक्याचा काठ दोन बोटांत धरून चोळला,
जसा मी बत्तीस वर्षं चोळत आलो.
किती पदर? तिनं हळूच विचारलं.

तीन, म्हणालो.
आणि मध्ये टॉवेल.